एकदाच विचारायची रीत

राजारामपुरी, कोल्हापूर
४ ऑगस्ट २०२४

प्रिय नंदिनी,

मी इंग्रजी बोलायचा क्लास लावला आहे. फोनवर सांगणार होतो, पण फोनवर तू हसली असतीस आणि मग तू का हसलीस याचा मी आठवडाभर विचार करत बसलो असतो. म्हणून कागदावर. माझी पत्रं तू हॉस्पिटलात जेवणाच्या सुट्टीत वाचतेस असं म्हणाली होतीस. हसायचं असेल तर तिथं हस, मला दिसणार नाही.

कारण निशी आहे. गेल्या रविवारी ती शाळेच्या सहलीचं सांगत होती. ती मराठीत सुरुवात करते, तिसऱ्या वाक्याला इंग्रजीत शिरते आणि एकदा शिरली की परत येत नाही. बस, चिखल, उतार, कुणा मैत्रिणीचा बूट, एवढं मला पकडता आलं. ती थांबेल तिथं मी हसत होतो. एकदा हसलो तेव्हा पलीकडं शांत झालं. मग ती म्हणाली, ‘नेव्हर माइंड, बाबा,’ आणि फोन तुझ्याकडं दिला. त्या मैत्रिणीचा पाय मोडला होता, हे नंतर तू सांगितलंस.

मला इंग्रजी येत नाही असं नाही. एम.ए.ला इतिहासाची जाडजूड इंग्रजी पुस्तकं मी वाचली आहेत. छापखान्यात इंग्रजी मजकूर आला की मालक प्रुफं माझ्याच टेबलावर टाकतात. पण ते डोळ्यांचं इंग्रजी. कानाला आणि जिभेला त्याची ओळख नाही. ‘नेव्हर माइंड’चा अर्थ मला कॉलेजपासून ठाऊक आहे. आपल्याच मुलीनं ते आपल्याला ऐकवलं की कसं वाटतं, ते ठाऊक नव्हतं.

क्लास इथंच, सातव्या गल्लीत, डोळ्यांच्या दवाखान्याच्या वर. शिकवणाऱ्या अवंतिका मॅडम तिशीच्या आतल्या आहेत. वर्गात सगळी मुलाखतींच्या तयारीची पोरं. शेचाळीसचा मी आणि पंचावन्नचे हंबीरराव असे आम्ही दोघंच वयस्क, म्हणून एका बाकावर. हंबीररावांची उचगावला फाउंड्री आहे. त्यांचा माल इंग्लंडला जातो आणि तिकडचे साहेब वर्षातून एकदा पाहणीला येतात.

‘तुम्ही कशाला आलासा, पावणं? शिकल्यालं दिसताय की,’ त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. त्यांच्या मानानं ते हळू बोलले, तरी सगळा वर्ग वळून बघायला लागला.

म्हटलं, ‘बायको इंग्लंडात नर्स आहे. मुलगीही तिकडंच असते.’

‘आणि तुम्ही हितं?’

मी हसलो.

‘हसताय काय? मी इचारतोय.’

मॅडम आल्या म्हणून सुटलो. घरी येऊन मे महिन्यातली रोजनिशी काढून बघितली. तू फोनवर म्हणाली होतीस, ‘तुम्हाला इकडं यायचं असेल तर या. निर्णय तुमचा.’ मी म्हणालो होतो, ‘नको एवढ्यात, पाठ्यपुस्तकांचा हंगाम आहे.’ तू ‘ठीक आहे’ म्हणालीस. त्यानंतर तो विषय तू काढला नाहीस, मीही काढला नाही. फक्त नोंद म्हणून लिहिलं. यात तक्रार नाही.

जेवणाची काळजी करू नकोस. डबा चांगला असतो.

तुझा,
दत्ता

१ सप्टेंबर २०२४

प्रिय नंदिनी,

मी पाठवलेला खोका पोचला हे ऐकून बरं वाटलं. मेतकुटाची पिशवी फुटली असेल अशी मला धास्ती होती.

एक गोष्ट लिहू की नको असं तीन दिवस चाललं आहे. तू फोनवर म्हणालीस, ‘थँक यू सो मच.’ वर म्हणालीस, ‘तुम्ही एवढं केलंत.’ मी ‘त्यात काय’ म्हणालो, पण त्या संध्याकाळी डबा उघडला नाही. इतक्या वर्षांत तू माझे आभार मानल्याचं मला आठवत नाही. मीही तुझे कधी मानले नाहीत. निशीच्या वेळी तुला बरं नव्हतं तेव्हा मी रोज तुझे केस विंचरून द्यायचो. तू आरशात बघून म्हणायचीस, ‘भांग वाकडा काढलाय.’ मला ते आभारांपेक्षा जास्त वाटायचं. आता शेजारीण वाटी परत करताना बोलते तशी तू माझ्याशी बोललीस.

मी मॅडमना विचारलं. तुझं नाव न घेता, सर्वसाधारण प्रश्न म्हणून. त्या म्हणाल्या, तिकडं बसमधून उतरतानासुद्धा ड्रायव्हरला थँक यू म्हणतात. नवऱ्यानं मीठ पुढं सरकवलं तरी म्हणतात. न म्हणणं हा उद्धटपणा. त्यात परकेपणा काही नाही. आणि त्यांनी गृहपाठच दिला, घरातल्या कुणाला तरी थँक यू म्हणून या.

हंबीररावांनी दुसऱ्या दिवशी हकीकत सांगितली. ‘बायकोला थँक्यू म्हटलं. तिनं भाकरी तशीच तव्यावर ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप न्हाय म्हटल्यावर म्हणती, काय लपवताय? आधी ते सांगा!’

वर्ग हसून लोळला. मीही हसलो. घरी येताना मात्र ‘काय लपवताय’ एवढंच डोक्यात राहिलं. मला तुझा संशय येत नाही, नंदिनी. पण आपल्या माणसाचे आभार मानायची वेळ आपल्याकडं कधी येते? एक तर माणूस काही लपवत असतो, नाहीतर निघायच्या बेतात असतो. तिकडं तसं नसतं हे मला शिकवलं गेलं आहे, आणि मी ते शिकायचा प्रयत्न करतो आहे.

माझा गृहपाठ राहिला. घरात म्हणायला कुणी नव्हतं.

दत्ता

२२ सप्टेंबर २०२४

प्रिय नंदिनी,

आज क्लासमध्ये जे झालं ते आजच लिहायला हवं.

मॅडमनी दोन बाक जोडून टेबल केलं, त्यावर प्लॅस्टिकचे कप ठेवले. मी यजमान, हंबीरराव पाहुणे. मी विचारलं, ‘वुड यू लाइक सम टी?’ हंबीररावांनी पाठ केलेलं म्हटलं, ‘नो, थँक यू.’ मी लगेच कप पुढं सरकवला, ‘प्लीज, प्लीज, थोडा तरी.’

‘स्टॉप,’ मॅडम म्हणाल्या. ‘सर, ते नको म्हणाले ना? विषय संपला.’

‘संपला?’ हंबीरराव उठूनच उभे राहिले. ‘मी कुठं नको म्हटलंय? ते आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं!’

मॅडमनी समजावलं. तिकडं एकदा विचारतात. समोरचा नको म्हणाला की त्याचा मान राखतात. पुन्हा विचारलं तर त्याचा अर्थ, तुझ्या शब्दावर माझा विश्वास नाही, तुला काय हवं ते तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं.

‘मग पावणा उपाशीच जाईल की वो!’

‘जाऊ दे. भूक असेल तर तो येस म्हणेल.’

‘मेला तरी म्हणणार न्हाय, मॅडम! पयल्या झटक्याला व्हय म्हणणारा पावणा बघितलाय का तुम्ही कधी? मागनं काय नाव ठेवतील त्याला!’

मग त्यांनी त्यांच्या साहेबाची गोष्ट सांगितली. जेवताना साहेब तीनदा नको म्हणाला आणि यांनी तीनदा पांढरा रस्सा वाढला. ‘मला वाटलं लाजतोय. दोन दिवस हॉटेलात निजून होता बिचारा. पुढच्या खेपेला सँडविच खिशात घालून आला.’

सगळे हसत असताना मला तुझी आई आठवली. पेठ वडगावला आपली पहिली दिवाळी. मी म्हणालो, उद्या छापखाना आहे, निघायला हवं. निघताना बघतो तर चपला नाहीत. मी शोधतोय, तुझा भाऊ शोधतोय, शेजारचेही शोधायला आले, आणि तुझी आई उंबऱ्यात उभी राहून सांगतेय, ‘जावईबापू, गावल्या तर जावा की. आम्ही कुठं धरलंय?’ मला राग आला होता. मुक्काम करावा लागला. चपला सकाळी सरपणामागं निघाल्या. पुढं दरवेळी तेच, कधी गोठ्यात, एकदा तर हरभऱ्याच्या पोत्यात. निशी चालायला लागल्यावर आजीनं ते काम तिच्याकडं दिलं. चपला उराशी धरून ती दुडुदुडु पळायची आणि सगळ्यांनी दिसलं नाही असं करायचं. आई गेल्यावर आपल्या चपला कुणी लपवल्या नाहीत.

क्लास सुटला तरी मी बाकावर बसून होतो. मे महिन्यात मी नको म्हणालो ते असंच होतं, नंदिनी. म्हणायचं म्हणून. तू ‘का नको?’ म्हणशील, चिडशील, ‘हंगाम गेला खड्ड्यात’ म्हणशील, याची वाट बघत होतो. जून गेला, जुलै गेला. मी समजलो की तुला मी नको आहे आणि तू विचारल्यासारखं करून मोकळी झालीस. आणि तू तर तिथल्या रीतीनं विचारलं होतंस. माझ्या शब्दाचा मान राखून तिथं थांबली होतीस. असंच आहे ना?

नको म्हणण्यात भीतीही होती. तीही लिहितो, नाहीतर हे अर्धंच खरं होईल. इथं माणसं माझ्याकडं शब्द विचारायला येतात. तिथं मी तो माणूस असेन, ज्याला दर वाक्याला ‘नेव्हर माइंड’ म्हणावं लागतं.

पण आता सरळ लिहितो. मला यायचं आहे. पहिल्या झटक्याला हो म्हणणारा पाहुणा समज.

दत्ता

२७ ऑक्टोबर २०२४

प्रिय नंदिनी,

तू पत्राचं उत्तर फोनवर दिलंस. ‘तुम्ही थांबा. निशीच्या सुट्टीत, डिसेंबरात आम्हीच येतोय. समोरासमोर बोलू.’ आवाज थकलेला होता. का थकलेला, हे मी विचारलं नाही. तू म्हणालीस तेवढंच ऐकायचं, त्याच्या मागं जायचं नाही, असा मी सध्या सराव करतो आहे.

सराव सगळ्यांवरच चालला आहे. परवा छापखान्यातले बाइंडिंगवाले बाळासो दिवाळी अंकाचे छापून झालेले फर्मे घेऊन घरी आले. मी विचारलं, ‘चहा घेणार?’ ते म्हणाले, ‘नको नको, आत्ताच घेतला.’ मी बसून राहिलो. तेही बसले. एकदा स्वयंपाकघराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग फर्मे ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी छापखान्यात ऐकायला आलं, ‘दत्ताभाऊंच्या घरात चहा बंद झालाय. वहिनी न्हाईत म्हटल्यावर असंच हुतंय.’

मला वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. आयुष्यभर मी माणसांच्या नकारांना काही किंमत दिली नाही. तू इंग्लंडला जायचं ठरवलंस तेव्हाही, तू ठाम सांगितल्यावर मी पंधरा दिवस तुझ्यामागं लागलो होतो. राहा, राहा. तू एकदा रडून म्हणाली होतीस, ‘तुम्हाला माझं ऐकूच येत नाही का?’ ते वाक्य मी रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. आता मला ऐकू येतं, हे तुला डिसेंबरात दिसेल.

ऐकू येणं आणि गप्प बसणं यांत फरक काय, हे मॅडमना विचारायचं राहिलं.

दत्ता

८ जानेवारी २०२५

प्रिय नंदिनी,

तुम्ही सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. घर फार नीटनेटकं झालं आहे. तू सगळं घासूनपुसून गेलीस.

जे तुझ्या समोर घडलं ते तुलाच काय लिहायचं? पण माझ्या बाजूनं कसं घडलं ते तुला कळावं.

आल्यावर तिसऱ्या दिवशी जेवताना तू सांगितलंस, इथल्या एका हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तुला मेट्रनच्या जागेबद्दल विचारलं आहे, एप्रिलपासून.  मी तिकडं यायचं म्हणत होतो आणि तू तर परत यायचं काढत होतीस. तू म्हणालीस, तिकडं थंडी हाडात शिरते, आणि निशीला कधी कधी मराठी शब्दासाठी अडलेलं बघवत नाही. मग विचारलंस, ‘तुम्हाला काय वाटतं?’

मला काय वाटत होतं? आत्ताच्या आत्ता त्या डॉक्टरांना फोन करून हो म्हणून टाकावं. तुमच्या दोघींचे पासपोर्ट विहिरीत टाकावेत. पण मला ते पंधरा दिवस आठवले, आणि तुझं रडणं. मी म्हणालो, ‘तुला यायचं असेल तर ये. निर्णय तुझा.’

ते तुझंच वाक्य होतं. ते ऐकून तुला मोकळं वाटेल असं मला वाटलं.

तू भात कालवत राहिलीस. मग म्हणालीस, ‘नको बहुतेक. निशीची शाळा आहे. आणि आता इतक्या वर्षांनी...’

मी म्हणालो, ‘ठीक आहे.’

तू वर बघितलंस. बराच वेळ बघत होतीस. मग हसलीस आणि म्हणालीस, ‘चांगलं शिकवलंय मॅडमनी.’ मला ते कौतुक वाटलं. त्यानंतरचे सगळे दिवस मी तो विषय काढला नाही. रोज सकाळी उठल्यावर जिभेवर यायचा आणि मी गिळायचो. सोपं नव्हतं ते, एवढंच तुला सांगायचं आहे.

आणि निघायचा दिवस. खाली गाडीवाला हॉर्न वाजवतोय आणि तुझे बूट सापडेनात. तू फार शोधलेही नाहीस. खुर्चीत बसून म्हणालीस, ‘राहू दे, नसतील सापडत तर.’ निशी गॅलरीत मोबाइलमध्ये डोकं घालून उभी. मी पलंगाखाली बघितलं, गॅलरीत बघितलं, धुण्याच्या बादल्या हलवल्या. शोधताना तुझ्या आईची आठवण झाली, पण विमान चुकेल या धास्तीत ती सांगायची राहिली. शेवटी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागं सापडले. फरशी पुसणाऱ्या मावशींनी सरकवले असणार. मी पीठ झटकलं, रुमालानं पुसले आणि तुझ्या पायांपाशी आणून ठेवले. निशीनं ते बघितलं आणि मला न सांगताच जिना उतरून गेली. या वयात असं करतात.

तू म्हणालीस, ‘थँक यू.’

या वेळी मला ते टोचलं नाही. मी म्हणालो, ‘यू आर वेलकम.’

दत्ता

१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय नंदिनी,

मागच्या दोन रविवारी फोन लागला नाही. निरोपात ‘बिझी’ एवढंच होतं. मी पुन्हा फोन केला नाही. एकदा केला की पुरे, असं मी आता धरून चालतो.

परवा मॅडमना सहज विचारलं, ‘तुम्ही इंग्लंडात कुठं होता?’ त्या लाजल्या. ‘मी कुठली जातेय, सर? बेळगावच्या पलीकडं गेले नाही अजून. पुस्तकं वाचते, व्हिडिओ बघते. त्यांत असंच असतं.’

‘आणि घरात? नवरा-बायकोत? तिथंही एकदाच विचारतात?’

त्या म्हणाल्या, ‘ते व्हिडिओत नव्हतं, सर.’

त्यांचा राग आला नाही. त्यांनी चहाचं शिकवलं होतं. त्यात मी संसार बसवला.

हंबीररावांनी क्लास सोडला. जाताना म्हणाले, ‘आमचा सायब आता सोताच मागून खातोय. तांबडा बी, पांढरा बी. तोच शिकला, मग मी कशाला शिकू?’ मग माझ्याकडं बघून आवाज खरोखर खाली आणला. ‘वैनी आलत्या म्हणं. राहिल्या न्हाईत?’

म्हटलं, ‘नको म्हणाली.’

‘बरं,’ एवढंच म्हणाले. ते एवढंच बोलले म्हणून मला जास्त लागलं.

त्या हॉस्पिटलवरून जाताना आत डोकावलो. जागा भरली आहे. सांगलीच्या कुणी बाई आहेत. मी उगाच चौकशी केली. तुला कळवायचं काही कारण नव्हतं, तरी कळवतो.

दत्ता

९ मार्च २०२५

प्रिय नंदिनी,

तू फोन घेत नाहीस म्हणून काल मी निशीला निरोप पाठवला. इंग्रजीत, बोलून. आधी कागदावर लिहिला, मग पाठ केला. हाऊ आर यू, आर यू अँग्री विथ मी. चुका असतील.

आज दुपारी तिचं उत्तर आलं. तेही बोललेलं, लांबलचक, तिच्या नेहमीच्या वेगात. सुरुवातीचं मला पुन्हा पुन्हा लावून ऐकावं लागलं. शाळा, परीक्षा, तू हॉस्पिटलशी नवा करार केलास, मोठं घर बघता आहात. मग ती थांबली. रस्त्यावरून गाडी गेल्याचा आवाज आला. आणि म्हणाली,

‘मम सेड यू ओन्ली आस्क्ड वन्स.’

मग म्हणाली,

‘आय हिड हर शूज, बाबा. अँड यू फाउंड देम.’

नंदिनी, इंग्रजी ऐकताना मी नेहमी आधी मनात मराठी करतो, मग मला कळतं. मध्ये एक क्षण जातो. त्या क्षणातच निशी पुढं निघून जाते आणि मी चुकीच्या जागी हसतो. आज तो क्षण गेला नाही. वाक्य कानावर पडलं आणि तसंच आत उतरलं. क्लास लावताना मला हेच हवं होतं.

ती गॅलरीत मोबाइल बघत नव्हती. मी कुठं शोधतोय ते बघत होती. तू खुर्चीत बसून होतीस ती दमून नाही. तुम्ही दोघी थांबला होतात. गाडीवाला हॉर्न वाजवत होता आणि तुम्ही दोघी मी हरण्याची वाट बघत होतात. मला फक्त म्हणायचं होतं, ‘नाहीत सापडत.’ आणि मी पलंगाखाली शिरलो, बादल्या हलवल्या, ते बूट शोधून काढले, रुमालानं पुसले. तुझ्या आईच्या घरी एवढ्या वेळा हरलो आणि स्वतःच्या घरात जिंकलो.

आणि त्याआधी ते जेवण. तू नको म्हणालीस ते इथलं नको होतं. मी ते तिथलं समजलो. मी मे महिन्यात तुझ्यावर मनातल्या मनात जो आरोप केला होता, तंतोतंत तेच मी तुझ्याशी केलं, आणि मान राखला म्हणून स्वतःची पाठ थोपटली. की मला विचारायचीच भीती वाटत होती? दुसऱ्यांदा विचारल्यावर तू खरंच नको म्हणालीस तर, ही भीती? मान राखण्याच्या आड ती चांगली लपते. रोजनिशीची मागची पानं चाळून बघितली. त्यांत हे कुठंच नाही. मी प्रामाणिकपणे लिहितो असं मला वाटत होतं.

म्हणून आता विचारतो. इकडं या, नंदिनी. तू आणि निशी. नाहीतर मी येतो, मिळेल ते काम करीन, चुकीच्या जागी हसेन. हे दुसऱ्यांदा. जागा भरली आहे हे मला माहीत आहे. करार झाला आहे हेही. तू नको म्हणशील. त्यावर मी तिसऱ्यांदा विचारीन. पण जेवताना हातभर अंतरावरून जे विचारायचं, ते कागदावर विचारलं की त्याचा अर्ज होतो. तू वाचशील तेव्हा समोर मी नसेन. तू नको म्हणशील तेव्हा मला तुझा चेहरा दिसणार नाही, आणि ते कुठलं नको आहे हे मला याही वेळी कळणार नाही. आणि कदाचित आता तुला खरंच नको असेल. मग हे सगळं पुन्हा तुझ्यामागं लागणंच झालं. तेव्हाच्या पंधरा दिवसांसारखंच. तेही मला ठरवता येत नाही.

निशीच्या निरोपाचं शेवटचं राहिलं. ‘यू फाउंड देम’ नंतर नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, ‘नेव्हर माइंड.’

या वेळी ‘बाबा’ म्हणाली नाही.

मघाशी मी स्वयंपाकघरात गेलो आणि पिठाच्या डब्यामागं हात घालून बघितला. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. तिथं काही नव्हतं. हाताला पीठ लागलं.

दत्ता